दिव्याच्या उजेडाचा चित्रकार : सावळाराम लक्ष्मण हळदणकर

हातात दिवा घेतलेली ती स्त्री आपण सगळ्यांनी पाहिली आहे. कॅलेंडरवर, डायरीच्या मुखपृष्ठावर, शुभेच्छापत्रावर, आणि आता दर दिवाळीला मोबाईलवर निदान दहा वेळा. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, बोटांतून झिरपणारा लालसर उजेड आणि खालून उजळलेला चेहरा. विद्यानगरच्या आमच्या घरी हॉलमध्ये हे चित्र कित्येक वर्षे टांगलेले आहे. आमच्या वडिलांनी ते सुलतान बाजारातून आणले, चांगली लाकडी फ्रेम करून घेतली आणि मागच्या पुठ्ठ्यावर शाईच्या पेनाने राजा रविवर्मा असे नाव लिहून ठेवले. घरी येणाऱ्या पाहुण्यांना ते मोठ्या कौतुकाने तेच सांगत. त्यांच्या मागे आम्हीही वीस वर्षे तेच सांगत आलो.

ते चूक होते. राजा रविवर्मा १९०६ साली वारले. हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचे आहे. शिवाय रविवर्म्यांची ख्याती तैलरंगांची आणि हे चित्र आहे जलरंगातले. चित्रकाराचे नाव सावळाराम लक्ष्मण हळदणकर. आपल्या कोकणातल्या सावंतवाडीचा माणूस. चित्राचे नाव 'ग्लो ऑफ होप'. लोक त्याला 'लेडी विथ द लॅम्प' असेही म्हणतात. मूळ चित्र म्हैसूरला जगनमोहन राजवाड्यातल्या जयचामराजेंद्र कलादालनात आहे. त्याच इमारतीत रविवर्म्यांचीही चित्रे आहेत, त्यामुळे पाहणाऱ्याच्या मनात दोन्ही नावे एक होतात. त्यात रविवर्म्यांच्या छापखान्याने आपल्या आजोबा-पणजोबांच्या देवघरात लक्ष्मी-सरस्वती नेऊन पोचवल्या होत्या, तेव्हा साडी नेसलेली सुंदर स्त्री दिसली की ती रविवर्म्यांची, असा आपला हिशेब ठरून गेलेला.

या माणसाची आठवण आम्हाला गेल्या वर्षीच्या गणपतीत झाली. निमित्त होते मंडपातल्या दिव्यांचे. जुने पिवळे हॅलोजन फार वीज खातात आणि तापतात म्हणून आम्हीच पुढाकार घेऊन एलईडीचे नवे दिवे आणवले होते. आम्ही इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेला असल्यामुळे असली कामे आपोआप आमच्याकडे येतात. दिवे लावले, बिल कमी झाले, उजेड दुप्पट झाला. आणि पहिल्याच आरतीला एक काकू म्हणाल्या की बाप्पा यंदा आजारी दिसतो आहे. शेंदरी अंग पांढुरके पडले होते, पितांबराचा पिवळा रंग लिंबासारखा झाला होता, जास्वंदीचा हार तर कागदी वाटत होता. मूर्ती तीच, मूर्तिकार तोच. खोके काढून पाहिले तर त्यावर ६५०० केल्विन छापलेले. म्हणजे ज्याला दुकानदार कूल व्हाइट म्हणतात तो. शेजारच्या खोक्यावर २७०० असते तर ते वॉर्म व्हाइट, उबदार पांढरे झाले असते.

येथे विजेच्या माणसाला नेहमी गंमत वाटते. केल्विन हे तापमानाचे माप आहे. ६५०० हा आकडा २७०० पेक्षा मोठा, म्हणजे जास्त तापलेला; आणि त्यालाच आपण थंड म्हणतो! हे मागून ठरवलेले नाही, निसर्गच तसा आहे. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होते, मग नारिंगी, मग पिवळे, मग पांढरे. त्याहून जास्त तापणारी वस्तू निळसर दिसू लागते. मृग नक्षत्रातला लालसर काक्षी आणि निळसर राजन्य हे दोन तारे थंडीत गच्चीवरून सहज दिसतात; त्यांतला निळा राजन्य लाल काक्षीपेक्षा तिप्पट-चौपट तापलेला आहे. पदार्थविज्ञानाच्या हिशेबाने लाल थंड आणि निळा गरम. आपल्या मनाच्या हिशेबाने बरोबर उलटे. मग मन कशावरून ठरवते? हळदणकरांचे आयुष्य वाचताना या प्रश्नाचे उत्तर आम्हाला थोडे थोडे सापडत गेले, म्हणून दोन्ही गोष्टी एकत्रच सांगतो.

हळदणकरांचा जन्म सावंतवाडीचा, नोव्हेंबर १८८२ मधला. त्याच वर्षी सप्टेंबरात न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे वीजकेंद्र सुरू झाले होते आणि घरोघर दिव्यांसाठी वीज विकण्याचा धंदा तिथे उभा राहत होता. सावंतवाडीला याचा पत्ता असण्याचे कारण नव्हते. त्या पिढीचे सगळे बालपण समई, पणती, निरांजन आणि रॉकेलच्या चिमणीपाशी गेले. सूर्य मावळला की घरात जो काही रंग दिसायचा तो तेलाच्या ज्योतीच्या उजेडात. या ज्योतीचे रंगमान साधारण १९०० केल्विन, म्हणजे आमच्या वॉर्म व्हाइट दिव्यापेक्षाही बरेच पिवळे-तांबडे. त्यातच माणसे जेवत, त्यातच पोथी वाचत, त्यातच आजारी मुलाच्या उशाशी बसत. उबेचा आणि तांबूस उजेडाचा संबंध कोणी शिकवावा लागत नव्हता. ज्योतीजवळ हात नेला की तो कळत होता.

सावंतवाडी हे रंगांचे गाव. लाकडी खेळणी, फळे, लाखेच्या रंगांतले पाट आणि गंजिफाच्या गोल पत्त्यांसाठी ते अजून ओळखले जाते. या गावातला चित्रकलेची ओढ असलेला मुलगा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. त्या वेळी सेसिल बर्न्स प्रिन्सिपल होते आणि धुरंधर मास्तर शिकवत होते. आधीच्या पिढीत प्रिन्सिपल ग्रिफिथ्स यांनी जे. जे. च्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करवून घेतल्या होत्या. अजिंठा तेव्हा आपल्या निजामाच्या राज्यात. पुढे निजाम सरकारनेही सय्यद अहमद आणि मोहम्मद जलालुद्दीन या चित्रकारांकडून नकला करून घेतल्या. त्या आपल्या बाग-ए-आममधल्या म्युझियममध्ये आहेत. मुलांना घेऊन एकदा जरूर पाहाव्यात. अजिंठ्याच्या चित्रकारांना गेरू, पिवळी माती हे उबदार रंग तिथल्या डोंगरातच मिळत होते. निळा मात्र लाजवर्दी दगडाचा, आणि तो दगड अफगाणिस्तानातून यायचा. त्यांनी तो जपून, नेमक्या जागी वापरला आहे. भोवती सगळे तांबडे-पिवळे आणि मध्येच एक निळा ठिपका. तो ठिपका आहे म्हणून बाकीचे तांबडे पेटल्यासारखे दिसते.

जे. जे. मधले शिक्षण इंग्रजी पद्धतीचे होते. प्लास्टरचे पुतळे समोर ठेवून छायाप्रकाश काढायचा, मग माणूस बसवून चित्र काढायचे. चित्रकाराच्या खोलीला उत्तरेकडची खिडकी असायची, कारण तिथून ऊन आत येत नाही आणि दिवसभर उजेड सारखा राहतो. अशा उजेडात गालाचा उजळ भाग किंचित निळसर आणि मानेखालची सावली तांबूस दिसते. बाहेर उन्हात बरोबर उलट होते : ऊन पडलेली बाजू पिवळसर आणि सावली निळी. सावली निळी का? सावलीत सूर्याचे किरण पोचत नाहीत, पण वरचे आकाश तिला दिसते आणि आकाश निळे आहे. उन्हात उभ्या केलेल्या पांढऱ्या कापडाची सावली पाहावी, ती खरोखर निळसर असते. आपण सावलीला काळे म्हणतो, कारण पाहतच नाही.

आता या एका गोष्टीत आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. ऊन पिवळे आणि गरम. सावली निळी आणि गार. माणूस माणूस झाल्यापासून या दोन गोष्टी जोडीने अनुभवतो आहे. वैशाखात रस्त्याची उन्हाची बाजू सोडून झाडाखाली आलो की अंगाला गारवा लागतो आणि डोळ्याला निळसरपणा. पहाटेचा आणि तिन्हीसांजेनंतरचा उजेड निळा, आणि त्याच वेळा गार. खोल पाणी निळे-हिरवे, दूरचा डोंगर निळा, आणि दूर म्हणजे हाताला न लागणारे. आपली डोळ्यांची यंत्रणाही रंगांची मांडणी जोड्यांनी करते, लाल विरुद्ध हिरवा, पिवळा विरुद्ध निळा. दिवसभरात सूर्यप्रकाश बदलतो तो नेमका या पिवळ्या-निळ्याच्या रेषेवरच इकडेतिकडे सरकतो. म्हणून ताऱ्यांचे आणि भट्टीचे पदार्थविज्ञान कितीही उलटे असो, आपल्या अंगणातला अनुभव मनाने धरून ठेवला आहे. ताऱ्याला कोणी हात लावलेला नाही, चुलीला लावला आहे.

मात्र रंग स्वतः गरम नसतो, हे लक्षात ठेवले पाहिजे. संक्रांतीला आपल्या बायका काळी साडी नेसतात, त्याचे कारण वेगळे : काळे कापड ऊन शोषून घेते आणि खरोखर तापते. लाल रंगाच्या खोलीत थर्मामीटर चढत नाही. उलट जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात असे दिसले की स्पर्श करताना निळी वस्तू लाल वस्तूपेक्षा कमी तापमानालाच गरम वाटू लागते. लाल दिसली की मन आधीच गरमाची अपेक्षा धरून बसते आणि हाताला तेवढे लागले नाही तर निराश होते. निळ्याकडून काहीच अपेक्षा नसते, म्हणून थोडीशी ऊबही जाणवते. माणसांच्या बाबतीतही असे होते, पण तो विषय वेगळा.

जे. जे. तून बाहेर पडल्यावर हळदणकरांनी १९०८ साली मुंबईत स्वतःची संस्था काढली, हळदणकर्स फाइन आर्ट इन्स्टिट्यूट. वय सव्वीस. ज्या काळात चित्रकाराने एखाद्या संस्थानिकाचा आश्रय शोधावा, व्यक्तिचित्रांची कामे मिळवावीत आणि पोट भरावे, त्या काळात शिकवण्याची जागा स्वतः उभी करणे सोपे नव्हते. सरकारी स्कूल ऑफ आर्टच्या बाहेरही चित्रकला पद्धतशीर शिकता यावी, हा त्यांचा उद्देश. पुढे १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत हळदणकर होते. मुंबई आर्ट सोसायटी त्याआधीच, १८८८ पासून होती, आणि तिच्यावर इंग्रजांचा वरचष्मा होता. आपल्या चित्रकारांना आपले व्यासपीठ हवे, ही त्यामागची भावना. म्हणजे बाहेरची संस्था मान देते की नाही याची वाट न पाहता आपले मंडळ काढायचे. परप्रांतात राहून मराठी शाळा, ग्रंथसंग्रहालय, गणेशोत्सव चालवणाऱ्या आपल्या लोकांना ही ऊर्मी ओळखीची वाटेल. आणि गंमत अशी की ज्या जुन्या सोसायटीला पर्याय उभा केला, तिचेच सुवर्णपदक १९२५ साली 'मोहमेडन पिलग्रिम' या चित्राला मिळाले. त्यांनीही ते घेतले. भांडण संस्थेशी असावे, चित्राशी नसावे.

ते तैलरंगांतही काम करत आणि जलरंगांतही, परंतु जाणकार त्यांचे नाव काढतात ते जलरंगांसाठी. जलरंग म्हणजे काय, हे ज्यांनी शाळेत रंगपेटी वापरली आहे त्यांना माहीत आहे : चूक झाली की गेले. तैलरंगात काळ्यावर पांढरा लावता येतो, खरवडून पुन्हा काढता येते. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग म्हणजे कागदच. जिथे उजेड हवा तिथला कागद पहिल्यापासून राखून ठेवायचा आणि फिक्याकडून गडदाकडे जायचे. उजेड नंतर आणता येत नाही. तो आधीच ठरवून, त्याच्याभोवती अंधार रचत जायचे.

इथे एक जुनी इंग्रज गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण तिचाही तारखांशी संबंध आहे. इंग्लंडच्या रॉयल अकॅडमीचे अध्यक्ष सर जोशुआ रेनॉल्ड्स यांनी १७७८ च्या व्याख्यानात असा दंडक घातला की चित्रातला मुख्य उजेड नेहमी पिवळा-तांबडा, उबदार रंगाचा असावा आणि निळा-हिरवा फक्त आधारापुरता वापरावा. गेन्सबरो या चित्रकाराने त्यांना खोटे ठरवण्यासाठी मध्यभागी निळ्या पोशाखातला मुलगा काढला, असे पुढे सर्वत्र सांगितले गेले. वस्तुतः ते चित्र त्या व्याख्यानाच्या आठ वर्षे आधीचे आहे. लोकांना गोष्ट आवडली की ती तारीख विचारत नाहीत. इंग्रजांचेही आमच्या वडिलांसारखेच झाले, हे वाचून आम्हाला जरा बरे वाटले.

रेनॉल्ड्स यांच्या दंडकापेक्षा खोल गोष्ट नंतर एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने सांगितली, शेव्हरल यांनी. ते पॅरिसच्या सरकारी विणकामाच्या कारखान्यात रंगाई विभाग सांभाळत. तक्रार आली की काळा रंग पक्का बसत नाही, फिका दिसतो. त्यांनी तपासले तर काळा रंग उत्तम होता. तो निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी विणला होता म्हणून मळका दिसत होता. दोष रंगात नव्हता, शेजारात होता. १८३९ साली त्यांनी यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. आपल्या बायकांना हे ग्रंथाशिवाय माहीत आहे. साडी दुकानात एक दिसते आणि ब्लाउजपीस शेजारी ठेवले की दुसरीच. दुकानाबाहेर उजेडात नेऊन पाहण्याचा आग्रह त्या उगाच धरत नाहीत.

कोणताही रंग एकटा उबदार किंवा थंड नसतो. शेजारच्याच्या तुलनेत असतो. जांभळा लालाशेजारी थंड, निळ्याशेजारी उबदार. करड्या रंगाचा एक तुकडा नारिंगी पार्श्वभूमीवर ठेवला तर निळसर दिसतो आणि निळ्या पार्श्वभूमीवर ठेवला तर मातकट. ही युक्ती हाताशी असलेला चित्रकार केवळ चार रंगांत ऊब निर्माण करू शकतो.

आणि तसेच झाले. वर्ष १९४५-४६. हळदणकर साठी ओलांडलेले. दिवाळीत त्यांनी आपल्या मुलीला, गीताला, हातात दिवा घेतलेली पाहिली आणि हेच चित्र काढायचे ठरवले. ते जलरंगात काढायचे आणि चुकायचे नाही, असा त्यांचा निश्चय होता असे सांगतात. तीन दिवसांत चित्र पुरे झाले. गीताबाई पुढे कोल्हापूरच्या उपळेकरांच्या घरच्या. त्या शतायुषी झाल्या आणि २०१८ साली १०२ व्या वर्षी वारल्या, तेव्हा वर्तमानपत्रांनी दिवा घेतलेली स्त्री गेली अशा बातम्या दिल्या. रविवर्मा वारले त्यानंतर दहाएक वर्षांनी जन्मलेली ती बाई. घरोघरी आपलाच चेहरा टांगलेला आणि खाली दुसऱ्याच चित्रकाराचे नाव, हे तिने किती वर्षे पाहिले असेल.

हे चित्र पाहायला आम्ही काही वर्षांपूर्वी म्हैसूरला गेलो. काचीगुड्याहून म्हैसूरची गाडी मिळते, त्यामुळे आपल्या भागातल्या लोकांना सोयीचे. ते चित्र तिथे मुद्दाम अंधाऱ्या जागी ठेवले होते. आत शिरल्यावर पहिला क्षणभर खरोखर वाटते की मागे बल्ब लावलेला आहे. आमच्या शेजारचे एक गृहस्थ वाकून कडेने पाहतच होते, वायर कुठून आली म्हणून. वायर नाही. कागद आहे.

मग उजेड येतो कुठून? खरी ज्योत भोवतालच्या अंधारापेक्षा शेकडो पटींनी तेजस्वी असते. कागदाचा पांढरा आणि काळ्यात काळा रंग यांच्यात फार तर वीस-तीस पटींचा फरक असतो. ज्योतीएवढे तेज कागदावर आणणे अशक्य. हळदणकरांनी मग तेज आणण्याऐवजी त्याच्या खुणा आणल्या. ज्योतीपासून दूर जाताना उजेड पायरीपायरीने नाही तर धुक्यासारखा विरत जातो. आपला मेंदू असा विरत जाणारा कडा पाहिला की मधल्या भागाला आहे त्याहून तेजस्वी समजतो. दुसरी खूण बोटांची. आडोशाच्या हाताची बोटे कडांना लाल आहेत. लहानपणी बॅटरीवर पंजा ठेवून आपण सगळ्यांनी हा खेळ केला आहे. रक्त हिरवा-निळा उजेड शोषून घेते आणि लाल तेवढा पार जाऊ देते. प्रेताची बोटे तशी दिसणार नाहीत, मेणाच्या बाहुलीची दिसणार नाहीत. म्हणजे तो लाल रंग फक्त दिव्याची नव्हे, जिवंत माणसाची ऊब सांगतो. आम्हाला विचाराल तर सगळे चित्र त्या चार बोटांत आहे.

तिसरी खूण अंधाराची. चेहरा आणि हात पिवळ्या-तांबड्या उजेडात, पण उजेडापासून लांबचे साडीचे पदर जांभळट होत गेलेले आणि मागे भिंतीवर तिचीच सावली. तेलाच्या दिव्याच्या खोलीत आपला डोळा त्या पिवळ्या उजेडाला सरावतो आणि पिवळ्यालाच पांढरे समजू लागतो. मग जिथे तो उजेड पोचत नाही तिथे निळसर-जांभळी झाक दिसायला लागते. शिवाय अंधार वाढला की आपल्या डोळ्याला लाल रंग आधी काळवंडलेला दिसतो आणि निळा जास्त वेळ टिकतो. पुर्किन्ये नावाच्या झेक शास्त्रज्ञाने ही गोष्ट १८२५ च्या सुमारास नोंदवली. तिन्हीसांजेला बागेतली लाल जास्वंद काळी पडते आणि गोकर्ण अजून निळी दिसते, ती याचमुळे. हळदणकरांनी पुर्किन्येचे नाव ऐकले होते की नाही याने फरक पडत नाही. त्यांनी समईपाशी बसून ते पाहिले होते.

त्या चित्रात पिवळा रंग प्रत्यक्षात फार थोडा आहे. मोठा भाग थंड आणि गडद. आमच्या मंडपातल्या चुकीचा उगम आम्हाला तिथल्या आठवणीतून कळला. आम्ही सगळीकडे सारखाच उजेड टाकला होता. सगळे उबदार केले असते तरी बाप्पा उबदार दिसला नसता, कारण शेजारी थंड काहीच नसते.

हळदणकर १९६८ साली वारले. त्यांचे चिरंजीव गजानन हळदणकर हेही चित्रकार होते. वडिलांनी काढलेल्या संस्थेतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनी पुढे आपापल्या गावी चित्रकला शिकवली. आर्ट सोसायटी ऑफ इंडिया आजही मुंबईत प्रदर्शने भरवते. माणसाचे काम राहिले आणि नाव मात्र त्याच्या सर्वांत गाजलेल्या चित्रावरूनच पुसले गेले. रविवर्मा थोरच, त्यांना उसन्या चित्राची गरज नाही. आपल्या सालारजंग म्युझियममध्ये त्यांची तैलचित्रे आहेत. ती एकदा नीट पाहावीत आणि मग हे चित्र पाहावे. रविवर्म्यांच्या चित्रात उजेड वस्त्रांवर, दागिन्यांवर, सगळ्या प्रसंगावर पसरलेला असतो. हळदणकरांच्या चित्रात तो एका तळहाताएवढा आहे आणि बाकीचे त्याच्या जिवावर उभे आहे.

यंदा मंडपात आम्ही दिवे पुन्हा बदलले. समितीत थोडी कुरकुर झाली, एका वर्षात दोनदा खर्च कशाला म्हणून. पण गेल्या वर्षीचे दिवे फुकट घालवले नाहीत. मूर्तीवर समोरून आणि थोडे खालून २७०० चे दोन दिवे लावले, आणि ते ६५०० चे मागच्या निळ्या पडद्याकडे वळवून ठेवले, तेही निम्मेच चालू. काकूंनी येऊन पाहिले, काही बोलल्या नाहीत, हात जोडून बराच वेळ उभ्या राहिल्या.

घरची फ्रेमही मध्यंतरी भिंतीवरून उतरवली. मागच्या पुठ्ठ्यावरचे वडिलांचे अक्षर फिके झाले आहे, पण वाचता येते. ते खोडण्याचे आमच्याने झाले नाही. त्याच्याखाली आम्ही आमच्या अक्षरात लिहिले : सावळाराम लक्ष्मण हळदणकर, सावंतवाडी, १९४५-४६. मग फ्रेम पुन्हा जागेवर लावली आणि समोरची ट्यूबलाइट काढून तिथे एक पिवळा दिवा बसवला.